शिट्टीच्या आधी उठणारी माणसं

उठलात पण? अहो, अजून खेळ बाकी आहे की — वर एक्स्ट्रा वेळ देतील तो वेगळाच. बसा बसा, स्वल्प बसा. हो, मराठीच बोलतोय मी. मघाशी तुम्ही फोनवर बायकोला ‘निघतोच आता, पोचतो जयनगरला’ म्हणालात ना, तेव्हाच कान टवकारले माझे. पुण्याचे? वाटलंच. शार्दूल म्हणालात नाव? सरी, म्हणजे बरं, शार्दूल अण्णा — आमच्यात लहानालासुद्धा अण्णा म्हणतात, मनावर घेऊ नका. आणि आमची मराठी ऐकून हसू आलं तर हसा खुशाल. आम्ही या कानडी मुलखातले फार जुने, शहाजीराजांच्या मागनं आलेले, असं आजोबा सांगायचे — ते तरी कुठं बघायला गेले होते म्हणा. पण भाषा घरात ठेवलीय बघा, मोडकी का होईना. घ्या, शेंगा घ्या. उकडलेल्या आहेत, मीठ घालून. ओंजळ करा की, लाजता कशाला? बाहेरचं खाणं आत आणू देत नाहीत, पण गेटवर मल्लाप्पा असतो, तो माझी पिशवी चाचपतो आणि आभाळाकडं बघतो. चांगला माणूस आहे.

एक गंमत सांगू? या शेंगा मी सुरुवातीला काढतच नाही. आता काढतो, शेवटाला. आणि सालासकट देतो. नुसते दाणे दिले तर माणूस तोंडात टाकतो आणि चालायला लागतो. साल असलं की सोलत बसावं लागतं — आणि बसला की बघतो. फसवणूक नाही हो, पाहुणचारच आहे हा. फक्त वेळ बघून केलेला. या वर्षी सगळ्या फुटबॉल मॅचना मी हेच करतोय, या रांगेतली नेहमीची माणसं मला शेंगावाले अप्पा म्हणतात. खातात, सोलतात, आणि तरी निम्मी उठून जातात. मी सिटी बसवर कंडक्टर होतो, रघुजी कंडक्टर म्हटलं की बनशंकरीच्या रूटवर अजून ओळखतील जुनी माणसं. त्यामुळं ही खोड मला पाठ आहे — स्टॉप यायच्या आधी उठायचं! गाडी चालू आहे, ब्रेक लागायचाय, पुढं सिग्नल लाल, आणि हे आपले दारात जाऊन लोंबकळतात. का? तर लवकर उतरायला. गाडी थांबल्याशिवाय कुणाचा बाप उतरणार आहे? इथंही तेच. मेट्रोला गर्दी होईल, मॅजेस्टिकला गाडी बदलायचीय, जयनगरला पोचायला उशीर होईल — तुम्हीही मनात तेच म्हणताय, हो ना? आणि घरी जाऊन काय करतात? टीव्ही लावून हीच मॅच बघतात!

मान्य आहे, दोन गोल खाल्लेत आपण. हरलेली मॅच आहे, शेंबडं पोरही सांगेल. त्यात बघायचं काय, असं म्हणाल. सांगतो ना. तिकडं बघा — माझ्या पाठीमागं, गोलपोस्टच्या बाजूला पिवळी जाकिटं घालून तिघं उड्या मारताहेत, दिसले? उंच आहे तो नव्हे. त्याच्या पलीकडचा, बुटका, केस बारीक कापलेला. सतरा नंबर. तो सयाजी. माझा मुलगा. — आता कसे बसलात सरळ! नाही, मी नाही बघत, माझी मान अवघडलीय हो, सकाळपासून, म्हणून असा तिरका तुमच्याकडं तोंड करून बसलोय. तुम्ही बघा. तुम्ही बघितलंत की झालं.

तर तो असाच, कायम शेवटाला उतरतो. कोच म्हणतो, सयाजीचे पाय ताजे असतात, बाकीचे दमले की तो कामाला येतो. खरंही असेल, मला काय कळतंय? पण गेल्या वर्षी एकदा घरी आला आणि म्हणाला, अप्पा, मी आत उतरतो तेव्हा मला माणसांची तोंडं दिसत नाहीत, पाठी दिसतात. हसत हसत म्हणाला बरं का. जेवला नाही मात्र त्या दिवशी. लहानपणापासून पहाटे उठून धावलेला पोरगा आहे हा, बसवनगुडीच्या रस्त्यांवर मी सायकलवर पुढं आणि तो मागं, आणि आता कुठं या गवतावर पाय टाकतो तर सगळं गाव पाठ फिरवून जिन्यानं खाली चाललेलं! म्हणून या शेंगा. बाकी काही नाही. चार माणसं थांबली तरी चार तोंडं झाली की.

त्याची आई येत नाही. महानंदा. नाही, तब्येत बरी आहे, येत नाही एवढंच. काल शुक्रवार होता ना, बनशंकरीच्या देवळात गेली होती, राहुकाळात लिंबाचे दिवे लावायला — तुम्ही बघितलेत का कधी? लिंबू अर्धं कापायचं, रस पिळून टाकायचा, साल उलटं करायचं आणि त्यात तूप-वात. बायका रांगा लावतात. मी म्हटलं, जातेस तर देवीकडं माग, उद्या कोचला आपल्या पोराची आठवण होऊ दे. आल्यावर विचारलं, मागितलंस? तर म्हणते, मागितलं, पण उलटं मागितलं. उद्या त्याला बोलावू नये कुणी, म्हणून दिवा लावला. बघा आता! बाप इकडं शेंगा वाटतोय माणसं थांबावीत म्हणून, आणि आई तिकडं देवीला साकडं घालतेय. आता देवीनं तरी कुणाचं ऐकायचं? नाही हो, पोराच्या वाईटावर कशी असेल ती, आई आहे. तिचं आपलं ते गुडघ्याचं — जाऊ दे. शेंगा घ्या अजून.

गुडघा म्हणजे काही नाही. झालाय बरा. धावतोय की तो, धावतोय ना? कसा धावतोय, सांगा जरा — डावा पाय टाकताना अंग उजवीकडं झुकतंय का? नीट बघून सांगा. नाही झुकत? बघा! मी म्हणत होतोच. क्लबच्या माणसांनीही बघितला गुडघा, हलवून, वाकवून, म्हणाले ठीक आहे. त्यांना सांगितलं होतं, जिन्यावरून घसरला म्हणून. — म्हणजे घसरलाच. तसाच काहीसा. आता तुम्ही आपले आहात म्हणून सांगतो, इथं कुणाला बोलू नका हं. आमच्या लोकांची एक टूर्नामेंट असते दर वर्षी, घराजवळच्या मैदानात, सगळी आपली मराठा घरं, पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. क्लबचा नियम आहे, करार असताना बाहेर खेळायचं नाही. सयाजीला ठाऊक होतं. पण आपली माणसं घरी आली, म्हणाली, रघुअण्णा, एवढा मोठा खेळाडू आपल्यात आहे आणि आपल्या मैदानात नाही उतरणार? मी नाही पाठवलं त्याला. महानंदा म्हणते मी पाठवलं, पण तसं नाही. मी इतकंच म्हटलं, जा की, एकदा पहिल्यापासून खेळ, मला डोळे भरून बघू दे. एवढंच म्हटलं. त्यात काय चुकलं?

आणि काय खेळला हो! एकही माणूस हलला नाही. पोरं कंपाउंडवर चढलेली, म्हातारी खुर्च्या घेऊन आलेली, बायका गच्च्यांवर. अंधार पडत आला तरी कुणी घरी जाईना. मी पहिल्या रांगेत, अगदी रेषेला लागून, मान सरळ करून बसलो होतो. सगळं बघितलं मी त्या दिवशी. दोन गोल केले त्याने ते बघितले, आणि शेवटाला तो बॉल घेऊन वळला आणि पाय जमिनीत तसाच राहिला, वरचं अंग फिरलं — तेही बघितलं. आवाज ऐकला मी. ओली फांदी मोडल्यासारखा. तेव्हापासून ही मान अशी — सरी, मानेला काही झालेलं नाही. बघवत नाही मला. झालं समाधान?

डॉक्टर? दाखवलं की. तुमच्याच जयनगरात दाखवलं, क्लबला न कळवता. तो म्हणाला आतला दोर निम्मा तुटलाय, परत एकदा असा पिळला तर ऑपरेशन, आणि मग धावणं विसरा. मग हाडं बांधणाऱ्या वैद्याकडं नेलं, त्यानं पट्टा बांधला, तेल दिलं, म्हणाला काही होत नाही. दोघांतलं कुणाचं धरायचं? ज्याचं बरं वाटलं त्याचं धरलं. रोज मी स्वतः तेल लावतो, माझ्या हाताला कळतं, सूज उतरलीय. महानंदा म्हणते कोचला जाऊन खरं सांगा, तुम्ही बाप आहात की नाही? अगं, खरं सांगितलं की बाहेर खेळला ते निघणार, करार तर या मोसमाला संपतोच आहे, पुढचा कोण देणार? सयाजीला विचारलं, तर तो म्हणतो, अप्पा, तुम्ही सांगाल तसं. आता हे काय बोलणं झालं? एवढा घोडा झालाय, आणि तुम्ही सांगाल तसं! आज दुपारी निघताना परत तेच विचारलं, दारात उभा राहून, बूट हातात धरून. मी म्हटलं, देवीवर सोड. आणि ती तिकडं देवीला —

थांबा. भुवया का वर गेल्या तुमच्या? जाकीट काढलं का त्यानं? कोच त्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलतोय? उतरवतात? नक्की तोच? — अय्यो. नाही नाही, आनंदच आहे. आनंद होणार नाही का बापाला? पण आता तुम्ही जायचं नाही, शार्दूल अण्णा. पिशवी खाली ठेवा ती. तुम्ही गेलात तर मी कुणाकडं बघू? मागची रांग रिकामी, पलीकडचे सगळे जिन्यावर. समजून घ्या जरा. कंडक्टरची जात आमची, रस्त्याकडं पाठ आणि माणसांकडं तोंड, असंच आयुष्य गेलं. पुढं रस्त्यात काय आहे ते मी कधी बघितलंच नाही, माणसांच्या तोंडावर वाचलं. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जायच्या आधी मला कळायचं, समोर कुणी आडवं आलंय. तुमचा चेहरा चांगला आहे, उघडा आहे. हाफटाइमपासून तुमच्याच तोंडावर मॅच बघतोय मी. दुसरा गोल खाल्लात तेव्हा असे काही कसनुसे झालात! तसंच बघत राहा. माझ्याकडं नको, तिकडं बघा.

नाव पुकारलं. ऐकलंत? सयाजी म्हणाले. नीट म्हणत नाहीत कधी, आज नीट म्हणाले. टाळ्या वाजवा हो, दोन माणसांनी वाजवल्या तरी पोचतात तिथपर्यंत. आत गेला? कुठल्या बाजूला? आपल्याच बाजूला, बरं. धावतोय? — हं. मान पुढं काढलीत, म्हणजे बॉल त्याच्याकडं आला. दिला का पुढं? दिला. शहाणा आहे, देऊन टाकावा, अंगावर ठेवू नये. मी सांगितलंय त्याला, वळू नकोस, बॉल आला की सरळ देऊन टाक, वळायचं नाही. तुम्ही हसलात. काय केलं? एकाला चकवलं? तसा तो चकवतो, लहानपणापासून. परत हसलात. अहो, अर्धे उभे राहिलात की तुम्ही, मघाशी जायला उठला होतात ते हेच का तुम्ही? घेऊन चाललाय तो? एकटाच? कशाला घेऊन चाललाय, दे म्हणावं, देऊन टाक, वळू नको —

काय झालं?

शार्दूल अण्णा. काय झालं? फाऊल का? कुणाला लागलं? त्यांच्या माणसाला लागलं असेल. बोला की. नको, बोलू नका, थांबा. तुम्ही खाली का बघताय? शेंगा कसल्या बघताय, तिकडं बघा! उठला का तो? उठत असेल, तो उठतो, लहानपणी सायकलवरून पडला की माझ्या आधी उठायचा. पायावर उभा राहिला का सांगा फक्त. स्ट्रेचरचं नका सांगू, नुसतं हो किंवा नाही. — जिन्यावरची माणसं थांबलीत. कधी थांबत नाहीत ती. खाली पोचलेलीसुद्धा परत वर आलीत, उड्या मारून बघताहेत, कुणी मोबाईल वर धरलाय. एवढा वेळ बसा बसा म्हणून हाता-पाया पडलो तेव्हा कुणाला — ए, काय बघताय? काय आहे बघायला? संपली मॅच! संपली, जा घरी! घरी जा म्हणतोय ना सगळे!

तुम्हीही निघा. हात सोडा माझा. जा.