आडवी बांधलेली टाकी

वडिलांनी, अप्पांनी, सायलीच्या स्कूटीची हवा तपासली, तेव्हा ती फक्त "निघते" म्हणाली. दुसऱ्या दिवशी ते वारले.

आता अप्पांच्या नावाचा गॅस स्वतःच्या नावावर करायला ती संगमनेरच्या एजन्सीत रांगेत चुळबुळत उभी होती. पुढे टेम्पोत वडे तळून विकणारी एक मुलगी बापाशी भांडत होती.

"आण्णा, शेगडी नुसती मिणमिणतीय. सकाळपासून एक घाणा निघाला न्हाई!"

"रेग्युलेटर बदलू."

"आन टाकी आडवी कुणी बांधली?"

"मीच. घाटात तुझ्या अंगावर पडंल म्हून."

"आडव्या टाकीतनं गॅस धड येतो व्हय? भडका उडाला असता!"

"बरं, उभी बांधतो. दोन दोर लावतो."

"लई शाना हाय माझा बाप!"

म्हातारा खुशीत हसला.

"अप्पा," सायली मोठ्यानं म्हणाली, "तुम्ही हवा तपासायचात, त्यातली माया मला कळत होती."