समितीपुढे न ठेवलेला कागद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय येसाजीराव, नर्सेस संघाच्या जिल्हाध्यक्षा श्रीमती सुप्रीता, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या नुकत्याच निवृत्त झालेल्या सत्कारमूर्ती सिस्टर भागीरथीबाई, त्यांची लेक यशस्विनी आणि घरची मंडळी, आपल्या मराठी मंडळाचे सभासद, आणि मेटगळ्ळीहून, नंजनगूडहून ड्यूटी आटोपून थेट इथे आलेल्या सगळ्या सिस्टर्स, आपणा सर्वांना या चिदंबरचा नमस्कार.

आम्हा म्हैसूरच्या शिंपी समाजातल्यांची मराठी कशी, हे तुम्हाला सांगायला नको. दोन वाक्यं झाली की कन्नड मधे येऊन बसतं. आज तर जीभ आणखीच अडखळणार आहे.

येसाजीराव मला म्हणाले, "चिदंबर, तू आरोग्य खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालास. सरकार धोरण कसं ठरवतं, त्यात नर्सेसचं काम काय, यावर दहा मिनिटं बोल. मग बाईंचं कौतुक कर. तेवढं साकु, पुरे." मी हो म्हणालो. भाषण लिहूनही काढलं. ते खिशात आहे आणि खिशातच राहणार आहे. कारण धोरण कसं ठरतं, हे मला एकाच गोष्टीवरून खरेपणाने सांगता येतं, आणि त्या गोष्टीत मी आहे.

बारा वर्षांपूर्वी एका समितीचा मी सचिव होतो. खेड्यापाड्यांतल्या लहान आरोग्य केंद्रांत बाळंतपणं चालू ठेवावीत की नाही, हे तिला ठरवायचं होतं. डॉक्टर कमी, रक्ताची सोय नाही. तेव्हा जिथे महिन्याला दहापेक्षा कमी बाळंतपणं होतात, तिथली बंद करावीत आणि बायकांना तालुक्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवावं, असा विचार होता. तो वाईट हेतूने केलेला नव्हता, हे आजही सांगेन. पण त्या टेबलाभोवती बसलेल्या नऊ जणांत एक तरी नर्स होती का? नव्हती. आणि ते कुणाला खटकलं का? मलाही नाही.

भागीरथीबाई तेव्हा बेट्टदपुरच्या पलीकडच्या एका केंद्रात होत्या. एके दिवशी सकाळची बस धरून त्या माझ्या कचेरीत आल्या. हातात तीन पानी टिपण.

म्हणाल्या, "साहेब, आकडा दहाच्या खाली आहे, खरं आहे. पण का आहे ते बघा. पहिलटकरणी माहेरी जातात. आमच्याकडे येतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या. त्यांना वेळ लागत नाही हो. कळा सुरू झाल्या की तासा-दोन तासांत मोकळ्या. आणि तंबाखू भाजायच्या दिवसांत गावातल्या सगळ्या गाड्या भट्ट्यांची लाकडं वाहायला लागलेल्या. तालुक्याला न्यायचं कशातून?"

मी त्यांना बसा म्हणालो नाही. याची मला आज कुणी आठवण करून दिलेली नाही, माझं मलाच आठवतं. मी म्हणालो, "सिस्टर, धोरण आमच्यावर सोडा. तुम्ही ड्यूटी बघा."

त्यांनी टिपणाची पोच मागितली. मी सही करून दिली. त्या गेल्यावर टिपण वाचलं. दोनदा वाचलं. त्यातलं एक वाक्यही खोडता येण्यासारखं नव्हतं. पण अहवालाचा मसुदा तयार होता, वरच्यांना तो आवडला होता, माझ्या बढतीचे दिवस जवळ होते. मी ते टिपण समितीपुढे ठेवलंच नाही.

आदेश निघाला. बाईंच्या केंद्रातलं बाळंतपणाचं टेबल कापड घालून कोपऱ्यात गेलं.

पुढच्या ऑगस्टमध्ये, तंबाखू भाजायच्या त्याच दिवसांत, भर दुपारी, भाग्या नावाची एक बाई नवऱ्याबरोबर चालत केंद्रात आली. दुसरी खेप. बाईंनी तपासलं आणि त्यांना कळलं की वेळ फार नाही. पण केंद्रात बाळंतपण करायचं नाही, असा आदेश भिंतीवर लावलेला. त्यांनी अँब्युलन्सला फोन केला. ती लांब होती. शेवटी एक रिक्षा मिळाली. बाई स्वतः बरोबर बसल्या. निम्म्या वाटेत, रस्त्याच्या कडेला, रिक्षातच बाळ झालं. मुलगी होती. तिने श्वास घेतलाच नाही. पिशवीत मावतं तेवढं सगळं सामान घेऊन बाई निघाल्या होत्या; प्राणवायूचं सिलिंडर मात्र केंद्रातच राहिलं होतं. भाग्या वाचली. मुलगी गेली.

चौकशी लागली, बाईंवरच. ठपका असा, की रुग्ण पाठवायला उशीर केला. चौकशी अधिकाऱ्याने समितीच्या सचिवाला लेखी विचारलं, "असा धोका संभवतो, अशी सूचना आपल्याकडे कुणी दिली होती काय?"

मी उत्तर लिहिलं, "अशी कोणतीही सूचना प्राप्त झालेली नाही."

(थोडं पाणी देता का? थँक्स.)

बाईंच्या सर्व्हिस बुकात शेरा पडला. बढती सहा वर्षं अडली. माझी वेळेवर झाली.

त्यांनी मग काय केलं, ते सुप्रीताबाई माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. जिल्ह्यातल्या एक्केचाळीस नर्सेसना त्यांनी एक साधा तक्ता भरायला लावला. बाळंतपणाला आलेली बाई केंद्रात किती वाजता आली, गाडी किती वाजता मिळाली, इस्पितळात किती वाजता पोचली. दोन वर्षांचे तक्ते घेऊन त्या नव्या अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या, आणि नियम बदलला. आता महिन्याचा आकडा पाहत नाहीत, इस्पितळाला पोचायला लागणारा वेळ पाहतात. आणि जिल्ह्याच्या आरोग्य बैठकीत दोन नर्सेस बसतात, खुर्चीवर, मत द्यायला. हा बदल कुठल्या तज्ज्ञाने केला नाही, या बाईंनी केला.

गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. त्या अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. तुमच्या सहीची पोच अजून माझ्या पेटीत आहे."

मी थक्क झालो. "मग चौकशीत दाखवली का नाहीत?"

"तेव्हा डोळ्यांपुढे ते पोर होतं, साहेब. आदेश मोडून मी टेबलावरचं कापड ओढलं असतं तर? हेच सारखं मनात. स्वतःला सोडवायला कागद काढावासा वाटला नाही."

म्हणजे बघा, गुन्हा माझा, आणि बारा वर्षं वाहिला त्यांनी.

मी म्हणालो, समारंभात सगळं सांगणार आहे. तेव्हा मात्र त्यांचे हात थांबले. "आधी भाग्याला सांगा. सभेला मग."

मंगळवारी गेलो. भाग्या अंगणातच भेटली. तिचा मोठा मुलगा आता कॉलेजात आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आ कागद नीवु ओदिद्रा?" तो कागद तुम्ही वाचला होता का?

हो म्हणालो.

ती म्हणाली, वाचला नसता तर बरं झालं असतं. आणि आत निघून गेली. मी बराच वेळ अंगणात उभा राहिलो. ती परत आली नाही, आणि यावं असा माझा हक्कही नव्हता.

बुधवारी मी खात्याला सहीनिशी लिहून दिलं आहे: ते टिपण मला मिळालं होतं, मी ते दडपलं, चौकशीत खोटं उत्तर दिलं. बाईंचा शेरा काढावा, आणि माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. त्याची एक प्रत भाग्याच्या घरी टपालाने गेली आहे, एक मी आता अध्यक्षांच्या हाती देतो.

तरुण सिस्टर्सना एवढंच सांगतो. "तुम्ही ड्यूटी बघा" असं कुणी म्हणालं, तर समजा की तुमच्याकडे त्याला नको असलेली माहिती आहे. ती लिहा, पोच घ्या, आणि ती पोच पेटीत ठेवू नका.

मंडळाने मला इथे उभं केलं, ऐकून घेतलं, मधेच कुणी उठून गेलं नाही, याबद्दल आभारी आहे. कौतुकाच्या सभेत हे बोलून मी रसभंग केला असेल, तर तेवढ्यापुरतं मोठ्या मनाने सोडून द्या.

भागीरथीबाई, तुमच्याकडे मात्र मी क्षमा मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही, हे आणखी एक काम आजच्या दिवशी तुमच्यावर पडेल. तुम्ही आता निवृत्त झालात.

नमस्कार.