लॉनातला योबेल

(पनवेलच्या एका सोसायटीची गोल्डन ज्युबिली काल दणक्यात झाली. आज सकाळी सेक्रेटरी एलायझर पेणकर (बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू) यांच्या दारात मागच्या गावठाणातल्या ठमाबाई.)

ठमाबाई : तुमच्या लॉनात भात लावून झाला, एलीभाव.

एलायझर : काय?

ठमाबाई : काय काय? मी आत्ताच आली. लॉन कुठं हाय तेबी मला ठाव नाय.

एलायझर : गुडघ्यापर्यंत चिखल आहे तुमच्या.

ठमाबाई : तो माझा नाय.

एलायझर : मावशी!

ठमाबाई : ओरडू नका. काल माईकवर कोन बोललं, ज्युबिली म्हंजे केक नाय म्हून?

एलायझर : मूळ हिब्रू शब्द योबेल. मेंढ्याचं शिंग. पन्नासाव्या वर्षी ते फुंकायचं, की विकलेली जमीन मूळ मालकाकडे परत. अहो, ती माहिती होती! लोक टाळ्या वाजवत होते.

ठमाबाई : मी नाय वाजवल्या. ही जमीन माझ्या बापानं इकलेली. मी उठली नि नेऱ्याला भावाकडं रोपं आनायला गेली.

एलायझर : पण शिंगाशिवाय योबेल लागू होत नाही.

ठमाबाई : माझ्या नातवाच्या, कुंदनच्या डंपरचा हॉर्न वाजवला ना.

एलायझर : पहाटे ते तुम्ही होतात? मेंढ्याचंच लागतं!

ठमाबाई : तुमच्या देवाला ऐकू येन्याशी मतलब, का मेंढ्याशी?

एलायझर : बरं, पुढचा नियम. तटबंदीच्या आतलं विकलेलं घर वर्षभरात पैसे देऊन सोडवलं नाही, तर ते योबेललाही परत जात नाही. आपल्याला कंपाउंड वॉल आहे.

ठमाबाई : मंग मी आत कशी आली? मागं म्हैस जाईल येवढं भगदाड हाय.

एलायझर : तो विषय कमिटीपुढे आहे.

ठमाबाई : म्हंजे तटबंदी नाय.

एलायझर : देवाने कमिटीचा विचार केला नव्हता. आणि योबेलच्या वर्षी पेरायचं नसतं. जमिनीला विश्रांती.

ठमाबाई : पन्नास वर्सं तुमच्या लॉनाखाली निजूनच होती की.

एलायझर : चेअरमन आले की माळ्याकडून सगळं उपटून टाकतील.

ठमाबाई : बिल्डिंगा ठेवा तुमाला. मला येकच वाफा. बापानं मला लावनी शिकवली ती तिथं, तुमच्या घसरगुंडीच्या पायथ्याशी. आता कंबर ऱ्हायली नाय. माझ्या हातचा शेवटचा भात तिथंच पिकूदे.

एलायझर : मावशी, मी फक्त एका शब्दाचा अर्थ सांगितला होता.

ठमाबाई : मंग आता वापरून दावा.

एलायझर : ...थांबा. चेअरमन यायच्या आधी फळ्यावर नोटीस लावतो. ऐका : 'सर्व सभासदांना नम्र विनंती, की कापणी होईपर्यंत कोणीही लॉनकडे पाहू नये. चुकून पाहिल्यास ते गवतच आहे असे मानावे. हुकुमावरून.'