ट्रान्सफर निरस्त केल्याबाबत

माझं नाव नंदकिशोर वामनराव देशकर, वय चोपन्न, व्यवसाय वृत्तपत्राचा वार्ताहर, शिक्षण संस्कृत एम. ए., राहणार बालाघाट, मध्य प्रदेश. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो ते असे. हवालदार खेमराज मराठी बोलणाऱ्या लांजीकडचे असून त्यांनी मराठीतच बोला म्हटले, कारण माझी हिंदी ऐकून त्यांना पूजेला बसल्यासारखे वाटते.

माझा मुलगा संकेत, वय एकोणतीस, सिंचन खात्यात उपयंत्री म्हणजे कनिष्ठ अभियंता, काल दुपारी घरातून गेला तो आलेला नाही.

माझे आजोबा, वडील आणि मुलगा सरकारी नोकरीतले. मी एकटाच निसटलो. त्यामुळे आमच्या घरात ट्रान्सफर या शब्दाचा अर्थ एकच, बदली. संकेतची बदली झाबुआकडे होणार अशी कुणकुण होती. नात दूर जाणार म्हणून माझी पत्नी अलकनंदा धड जेवत नव्हती.

सोमवारी संकेत आंघोळीला गेला असता त्याचा मोबाईल वाजला. मी उचलला. एका बाईंनी विचारले, संकेतजी बोल रहे हैं? मी हो म्हणालो. हे खोटे होते, तसे लिहून घ्यावे. त्या म्हणाल्या, "सर, आपका ट्रान्सफर अप्रूव हो गया है, कन्फर्म कर दूँ?" मी म्हणालो, "कदापि नहीं. निरस्त कीजिए." म्हणजे रद्द करा. भोपाळहून कोणी विचारून बदली करत नाही, हे वार्ताहराला कळायला हवे होते. संकेतला मी काही सांगितले नाही. अलकनंदाला सांगितले. ती त्या दिवशी पोटभर जेवली.

सून ईरा हिच्याकडून काल कळले ते असे. नातीच्या जन्माच्या वेळी गोंदियाच्या दवाखान्याचा खर्च संकेतने क्रेडिट कार्डावर केला होता. व्याज फुगत गेले. दुसरी एक बँक ते सगळे देणे आपल्या कार्डावर घेणार होती, काही महिने बिनव्याजी. याला बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. संस्कृतात एका राशीतून दुसऱ्या राशीत जाण्याला संक्रमण म्हणतात, आणि हिंदीत रकमेलाही राशीच म्हणतात. तरी मला समजले नाही.

या ट्रान्सफरच्या भरवशावर पैसे भरतो असा शब्द संकेतने जुन्या कार्डाच्या वसुलीवाल्यांना दिला होता. काल ते कार्यालयात येऊन साहेबांसमोर बोलले. काय बोलले ते त्याने सांगितले नाही. नव्या बँकेने त्याला कळवले की तुम्हीच नको म्हणालात. घरी येऊन त्याने फोन कोणी घेतलता ते विचारले. मी सांगितले.

तो म्हणाला, "काहून, बाबा? मले एकदा विचारायचं होतं."

मी म्हणालो, "तू तरी मले कुठं सांगितलं?"

ईरा पाणी घेऊन येईतो तो गेलता. मोबाईल टेबलावरच राहिला.

आज सकाळी त्याची मोटारसायकल राजेगावच्या पुलाजवळ मिळाली. चावी चहावाला गजेंद्र याच्याकडे ठेवून "येतोच" म्हणाला असे गजेंद्र सांगतो. हवालदारांनी विचारले, नदीला सध्या पाणी किती आहे. मी म्हणालो, ते माझ्या मुलाच्या खात्याला विचारा.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. संकेत भेटल्यास त्याला आधी एवढे सांगावे की, आज मी त्या बँकेत फोन करून स्वतःचे खरे नाव सांगितले. अर्ज अजून उघडा आहे, पण ज्याचे देणे आहे त्यानेच बोलले पाहिजे, दुसऱ्याचे चालणार नाही, असे बँकेच्या बाई म्हणाल्या. तेव्हा त्याने यावे. हा मजकूर जबाबात बसत नाही असे हवालदारांचे म्हणणे पडले. माझ्या विनंतीवरून ठेवला.

जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितल्याबरहुकूम आहे. ठाण्याच्या छापील नमुन्यात वर 'बेपत्ता' हा शब्द आहे तो माझा नाही. खोडून मिळाला नाही, म्हणून त्यासह सही करतो.