पाण्यातलं आभाळ

हॅलो?

कोण?… हां, बोल. हा कुणाचा नंबर?… नर्सचा. आणि तुझा फोन?… थांब, बघतो. प्रिंटरखाली पडलाय. काच तडकलीय. माझाच पाय पडला असेल, नाहीतर तुझा नवरा पडला तेव्हा त्याच्या अंगाखाली आला असेल. मला काय ठाऊक.

ओरडत नाहीये. माझा आवाजच असा आहे, जन्मापासून ऐकतेयस.

कुठे नेलंय त्याला?… आत. बरं… नाही, मी येत नाही. मी आलो तर राहिलेलं पुरं करून जाईन. शुद्धीवर आहे ना?… मग झालं तर. रक्त बघून घाबरलीस तू. कपाळाला लागलं की रक्त येतंच भसाभसा. इथे फरशीवर अजून आहे, पाय घसरतोय माझा.

अगं ऐक ना. ऐक… हो… हो, मारलं. नाही कुठे म्हणतोय? आणि माफी मागायला सांगत असशील तर ठेव फोन.

‘एवढं काय झालं होतं’ काय? तू होतीस ना तिथे, कागद कापायच्या टेबलापाशी, हातात पट्टी घेऊन. तुझ्यासमोर तो कागद मशीनमधून बाहेर येत होता, वीतवीत. आधी आभाळ आलं. नारिंगी. मला वाटलं दुसऱ्या कुणाचं काम असेल, लग्नाबिग्नाचं. मग डोंगर आला. माझा डोंगर. माझं तळं. अख्खा हिवाळा त्या तळ्यावर घालवला मी, गुडघाभर चिखलात. लोक ऊन पडायची वाट बघतात, मी ऊन जायची बघत होतो. तसलं राखाडी आभाळ वर्षातून एखाद्या सकाळी मिळतं. आणि तुझ्या नवऱ्याने घरबसल्या त्याला केशरी रंग फासला.

नाही, रंगाचंच नाही नुसतं. कापला त्याने. ते वठलेलं झाड मी उजव्या कडेला ठेवलं होतं, अगदी कडेला, आता पडेल की काय असं. बाकी सगळं रिकामं. पाणी आणि आभाळ. ते रिकामं म्हणजेच फोटो होता गं. त्याने डावी बाजू सफाचट केली आणि झाड कडेवरून उचलून बसवलं मधोमध, घरच्या ग्रुप फोटोत आजोबांना बसवतात तसं.

काय?… भकास? भकास नाहीये तो. तू कधीपासून…? जाऊ दे. त्याचेच शब्द तुझ्या तोंडात.

आणि करायचंच होतं तर धड करायचं. वर आभाळ पेटलेलं आणि खाली पाण्यात तेच जुनं, राखाडी. पाण्याला हातच लावला नाही. वर संध्याकाळ, खाली सकाळ. उद्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला माणसं येऊन बघणार, खाली माझं नाव. या फोटोग्राफरला डोळे आहेत की नाही म्हणणार.

थांब जरा… काय हो? काही नाही, तुमची काच नाही फुटली. आमचीच फुटलीय. जा तुम्ही, दुकान बघा तुमचं… शेजारचा काचवाला. मघापासून दारात उभा आहे, फुकटचा तमाशा चाललाय ना… नाही, आत नाही येत तो. माझ्या हातात कटर आहे.

प्रिंट फाडतोय. दुसरं काय करणार कटरने?… नाही गं, स्वतःला कशाला मारून घेऊ. भिंतीवर लावायचे सगळे काढलेत खाली. उभा एक, आडवा एक, असा फाडत चाललोय… उद्घाटन गेलं खड्ड्यात. मशीनही फोडलं. त्याला मारलं त्याच ट्रायपॉडने. तुम्हाला घेऊन गेले ना, तेव्हा. समोर दुसरं कुणी उरलं नव्हतं, ते मशीन तेवढं उरलं होतं.

तू बोल ना. मघापासून काहीतरी सांगायचंय सांगायचंय म्हणतेयस… डॉक्टर बाहेर आले?… काय म्हणाले?

कपाळ नाही?

कुठला डोळा?

उजवा… नाही, बोल, आहे मी… मला कपाळावर बसल्यासारखा वाटला. आवाज तसाच आला, हाडावर बसल्याचा… खिळा? हो, त्या ट्रायपॉडच्या पायांना खिळे आहेत, टोकाला. चिखलात रुतायला. मीच बसवून घेतले… किती आत गेलाय?… वाचेल का?… डोळा गं, डोळ्याचं विचारतोय. तो वाचेल हे तू सांगितलंस मघाशी… कळत नाही म्हणजे? डॉक्टर आहेत ना ते?

चिखल… हो, असेल. पाय धुतले नव्हते मी. तळ्यावरून आलो तसा उभा करून ठेवला होता कोपऱ्यात. सांग त्यांना, तळ्याचा आहे, साचलेल्या पाण्याचा. औषध त्याप्रमाणे द्यावं लागेल. लगेच सांग, मी थांबतो.

…

सांगितलंस? काय म्हणाले?… आता नेतायत टेबलावर. बरं… बरं.

पोलीस कशाला?… तू बोलावलेस?… हॉस्पिटलवालेच बोलावतात, हो. मग? काय सांगितलंस?… अजून काही नाही. शहाणी आहेस. हे बघ, शिडी सांग. शिडीवर चढून फ्रेम लावत होता, पडला, खाली सामान होतं… काय?… तोच म्हणाला? शिडी म्हणाला? आत नेताना?… बघ. बघ, त्यालाही कळतं चूक कुणाची आहे ते. उगाच नाही माणूस शिडी म्हणत.

कशाची चूक नव्हती त्याची?

परत बोल.

तू?… तू कशी करशील, तुला तो कॉम्प्युटर चालू तरी करता येतो का?… त्याने शिकवलं. कधी?… मी बाहेर असताना. दुपारी… थांब. थांब, एकेक सांग. तळ्याचं आभाळ तू बदललंस. झाड तू मधे आणलंस… आणि तो टेकडीचा? गवत सोन्यासारखं करून ठेवलं होतं तो?… तोही तू. आणि जांभळ्या धुक्याचा… अगं, मी त्याला रंगारी म्हणतो. गिऱ्हाइकांसमोर, आईसमोर, आला का रंगारी, जेवला का रंगारी. नावच पडलं त्याचं. आणि तो हसायचा नुसता.

का गं?… आवडतं म्हणून… एवढंच?… नाही, बोल, मी मधे बोलत नाही… माझे फोटो बघून थंडी वाजते. बरं… असं वाटतं की या घरात कुणी राहत नाही. बरं. बरं, चिमणे… पण मग कधी म्हणाली नाहीस?… म्हणाली होतीस. मी काय म्हटलं?… कॅलेंडर छाप, तुझी अक्कल तेवढी. असं म्हटलं मी?… असेन म्हणालो.

आणि पाणी? पाणी तसंच का ठेवलंस?… जमलं नाही… हिंमत झाली नाही. म्हणजे?… पाणी माझं वाटलं तुला.

हं.

आणि त्याला? त्याला कसे आवडतात?… माझ्यासारखे. राखाडी… थट्टा करतेयस का?… कुठे लावलाय?… तुमच्या झोपायच्या खोलीत. तोच, तळ्याचा, न कापलेला… त्याने लावला. आणि तू रोज काढ म्हणतेस. म्हणजे सगळ्या दुकानात माझ्यासारखं बघणारा एकच माणूस होता आणि मी त्याच्याच डोळ्यात… मला माहीत नव्हतं गं. मी तुमच्या त्या खोलीत कशाला येईन?

पण मग तो बोलला का नाही? मी सरळ विचारलं होतं, हे कुणी केलं. सांगायचं ना, तुझ्या बहिणीला विचार म्हणून… त्याने तुझ्याकडे बघितलं? मला नाही दिसलं. मला एवढंच ऐकू आलं, ‘मी’… आणि तू? तुला जीभ नव्हती? तू म्हणायचंस ना, दादा, मी केलं. मी काय तुला खाल्लं असतं?

मारलं? तुला? मी तुला कशाला मारीन? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? खांद्यावर घेऊन फिरवलंय मी तुला. बाबांच्या मागे तुला कुणी वेडंवाकडं बोललं तर… काय ‘खरं सांग’? खरंच सांगतोय… नाही… नाही म्हणतोय ना. बहिणीवर हात टाकणारा वाटलो का मी तुला?

काय विचारतेयस तू?… कधी?… ‘कुणी केलं’ म्हणून विचारलं तेव्हा हात कुठे होता?

ट्रायपॉड होता हातात… वर… हो, वरच होता… नाही, उत्तर आल्यावर नाही उचलला. आधीच उचललेला होता. दोन्ही हातांनी. विचारलं तेव्हा वरच होता.

…

आहे. ऐकतोय. खाली बसलोय… नाही, कटर टाकला तिकडे.

तू ‘मी’ म्हणाली असतीस तर… नाही गं. थांबला नसता. तेवढा वेळच नव्हता मधे. मी फक्त आवाज कुठून येतो ते बघत होतो… हो. तुला लागला असता. तू बुटकी. तुझ्या डोक्यात बसला असता.

हो. झालं समाधान? म्हटलं मी.

रडू नकोस… मग काय करतेयस?… रडत नाहीयेस. बरं.

त्याला माहीत होतं ना? म्हणूनच तो… हो. माझ्या घरात वाढला नाही, तरी त्याला माझा हात माझ्यापेक्षा जास्त माहीत.

कोण बोलतंय तिकडे?… तेच. पोलीस. काय म्हणतात?… शिडीवरून पडलेल्याच्या डोळ्यात तळ्याचा चिखल कसा… विचारणारच. मग तू काय… थांब. तो शिडी म्हणाला, मी शिडी म्हणालो, आणि आता तोंड उघडायचं तुला एकटीला. खोटं सांगितलंस तर आयुष्यभर माझ्यासोबत त्याच घरात, आणि खरं सांगितलंस तर तूच भावाला… नाही. तू काही बोलू नकोस. फोन दे त्यांना.

दे म्हणतोय ना… नाही, चिडलो नाही. दे, चिमणे. माझं ऐक एवढं.

…

नमस्कार साहेब… हो, तिचा भाऊ. मोठा… नाही, पडला नाही तो. मी मारलं… ट्रायपॉडने. कॅमेरा ठेवायचा तीन पायांचा असतो ना, तो. त्याच्या पायाचा खिळा गेलाय डोळ्यात. चिखल त्याचाच… माझा मेहुणा. भागीदारही आहे… भांडण फोटोवरून… फोटोवरूनच. आभाळ कुठल्या रंगाचं असावं यावरून… नाही, प्यायलो नव्हतो. मी पीत नाही… त्याने हात नाही उचलला. तो उभा होता नुसता… हो, तिच्यासमोर. ती टेबलापाशी होती, हातभर अंतरावर. तेही लिहा.

दुकानातच आहे… नाही, कुठे जाऊ? शेजारी काचवाला आहे, त्याने नंतरचं सगळं बघितलंय, त्यालाही विचारा… पत्ता तिला माहीत आहे.

साहेब, एक मिनिट. तिला परत द्याल का फोन?… विचारून बघा ना.

नको म्हणतेय.

बरं… हो… नाही, दार उघडंच ठेवतो. या तुम्ही.