दोन गाठी म्हणजे फ्रीज

…आणि वर गल्लीतले मलाच विचारतात, तुम्ही तिथे काय करत होतात म्हणून. आता काय करत असणार? उभी होते. भिंतीला भिंत लागून घर, त्यांची पिकअप बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लागते, मग माणसानं डोळे मिटून भांडी घासायची का? बॉनेट उघडल्याचा आवाज झाला, मी हात पुसले, बाहेर आले. एवढंच. मी आपली उभी होते.

तुम्हाला सांगते, आधी वहिनींचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई भुताखेताचं काय घेऊन बसली. वहिनी म्हणजे शेजारच्या. केक करतात, मोठे, तीन-तीन मजली, आणि भावजी, म्हणजे त्यांचे मिस्टर, ते पिकअपमधून पोचवायचे. हौद्यात एक थंड पेटी, ती त्यांनी स्वतः बनवलेली… जुन्या फ्रीजची मशिनरी, पत्रा, थर्मोकोल, आणि एक डबी, आत गरम झालं की आपोआप मशीन चालू करणारी. हात सोन्याचे, पण एक खोड. वायर आणायची ती काळीच. लाल नाही, पिवळी नाही, एक काळं भेंडोळं आणलं की ते संपेपर्यंत दुसरं आणायचं नाही. मग ओळखायचं कसं? तर वायरीला गाठी मारायच्या. एक गाठ म्हणजे हे, दोन गाठी म्हणजे ते. लिहून कुठे ठेवलंय का? नाही. सगळं डोक्यात. आणि आठ महिन्यांपूर्वी ते डोकंच गेलं हो… सकाळी दाढी करताना, अर्ध्या गालाला साबण तसाच.

त्यानंतर वहिनी स्वतः गाडी चालवायला लागल्या. सीट अजून भावजींच्या लांब पायांच्या हिशोबानं मागे आहे, ती पुढे ओढत नाहीत. पाठीशी दोन उशा घेतात. डॅशबोर्डवर त्यांचा चष्मा आहे, वळणावर इकडून तिकडे सरकतो, खर्र… खर्र… मी एकदा शेजारी बसले होते, मला ते बघवेना. म्हटलं, वहिनी, चष्मा ड्रॉवरमध्ये ठेवू का? म्हणाल्या, "राहू दे ताई, रस्ता दिसतो."

आणि रिव्हर्स. रिव्हर्स त्या घेतच नव्हत्या. समोर गाडी आडवी आली तरी थांबून राहायच्या, गल्लीतून मागे यायचं असेल तर चार रस्ते फिरून यायच्या. सगळे म्हणायचे, बाईमाणूस, जमत नाही बिचारीला. मला माहीत होतं का जमत नाही ते. रिव्हर्स टाकला की गाडी बोलायची. इतरांच्या गाड्या पीं पीं करतात, भावजींनी स्वतःचा आवाज भरला होता… "सरका हो ताई, सरका. गाडी मागे येतेय." आणि शेवटी बारीक खोकला. तीनदा बोलून गप्प. ताई कोण, हे गल्लीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. ते गाडी मागे घ्यायचे तेव्हा मागे कोण असायचं? मी आपली उभी असायचे.

तर आता मुद्दा. थंड पेटी चालायची गाडीच्याच बॅटरीवर. इंजिन बंद करून गिऱ्हाइकाच्या दारात पाऊण तास थांबलं की बॅटरी उतरायची, मग धक्का मारा. दोनदा असं झालं. एकदा तर केक घेणाऱ्या नवरदेवानंच कोट काढून धक्का मारला. आणि मागच्या महिन्यात त्या मोठ्या हॉलच्या मॅनेजरनं वहिनींना रविवारचा एक केक सांगितला, चार मजली. जमलं तर दर रविवार तुमचा. तिकडे वहिनींचे दीर टपून बसलेले, फोनवर एकच, "वहिनी, रविवारी जमलं तर ठेवा गाडी, माझं काही म्हणणं नाही. नाही जमलं तर सोमवारी गिऱ्हाईक घेऊन येतो. गाडी विकू, घर बंद करू, तुम्ही लेकीकडे जा." म्हणजे गाडी गेली की वहिनी गेल्या. माझी खिडकी आणि समोर कुलूप. काय बघायचं मग मी, सांगा?

म्हणून मंगळवारी वायरिंगवाला आला, दुसरी बॅटरी बसवायला. हा बाबा प्रत्येक गोष्टीला "करून टाकू" म्हणतो. दातानं वायर सोलतो आणि तोंडात तांब्याचे केस ठेवूनच बोलतो. मला म्हणाला, "हे बघा ताई, एक बॅटरी इंजिनची, एक पेटीची. मध्ये ही डबी. इंजिन चालू आहे तोवर दोघींना चार्जिंग, इंजिन बंद झालं की ही मधलं दार लावून घेते. पेटीनं कितीही खाल्लं तरी स्टार्टरचं राखून ठेवलेलं असतं." मला इतकं आवडलं ते. म्हटलं, अशी डबी माणसांमध्ये पण बसवता आली असती. हौद्यात केबिनच्या मागे लोखंडी तबक ठोकलं, बॅटरी आवळली, जाड लाल केबल खालून नेली, पत्र्याला घासू नये म्हणून भोकाला रबराची बांगडी घातली, फ्यूज लावला, सगळं कसं देखणं. आणि मग जुन्या बारीक वायरींपाशी येऊन थांबला. पाच काळ्या वायरी, गाठी गाठी मारलेल्या, काही सुटलेल्या.

म्हणाला, "यातली फ्रीजची कुठली?"

वहिनी आत केक बघत होत्या. आणि मी आपली उभी होते. आता मला सांगा, भावजींनी हे सगळं जोडलं तेव्हा दोन रविवार मी तिथे हजर. चहा नेऊन दिला, गप्पा मारल्या, मी नाही सांगणार तर कोण सांगणार? मी म्हटलं, "दोन गाठी म्हणजे फ्रीज."

"नक्की?"

"अहो, माझ्यासमोर मारल्यात."

"मग काय, करून टाकू."

बुधवारी दुपारी एक. गल्ली सगळी सुन्न, ऊन पिकअपच्या टपावर आलेलं, कुणी चिटपाखरू नाही. मी खिडकीत. गाडी बंद, किल्ली वहिनींच्या घरात खुंटीला, दरवाजे लागलेले. आणि…

"सरका हो ताई, सरका. गाडी मागे येतेय."

माझ्या हातातला पेला सिंकमध्ये. आठ महिने तो आवाज ऐकला नव्हता हो. तोच स्वर, तोच खोकला. आणि खोटं कशाला सांगू, मी सरकले. खिडकीतल्या खिडकीत दोन पावलं मागे झाले. गाडी जागची हललेली नाही, आत कुणी नाही, काचेतून तो चष्मा तेवढा माझ्याकडे बघतोय.

शेजारचं दार उघडलं. वहिनी ओट्यावर आल्या, हाताला पीठ, उभ्या राहिल्या. तीनदा बोलून झालं, गप्प झालं. त्या वळून आत गेल्या. थोड्या वेळानं ताट वाढल्याचा आवाज आला.

गुरुवारी, एक. पुन्हा. एकला म्हणजे, भावजी रोज जेवायला यायचे ती वेळ. शुक्रवारी तर मी भिंतीआडून घड्याळ धरूनच बसले होते, एकला पाच कमी असतानाच सुरू, त्या दिवशी ऊन जरा जास्त होतं. पण ऊन कोण लक्षात घेतंय? माझ्या अंगावर काटा. सुकत घातलेले कपडे मी दिवसभर दोरीवर राहू दिले, कारण दोरी गाडीच्या बाजूला.

आणि पेटी? पेटी गार होईना. चाचणी म्हणून आत लोणी ठेवलेलं, त्याचं पाणी. रविवार दोन दिवसांवर. शुक्रवारी संध्याकाळी वहिनी लोण्याचा नवा गोळा ठेवून बाजारात निघाल्या, तर समोरून कचऱ्याची गाडी गल्लीत घुसली. बाजूच्या बोळात वाळूचा ढीग, फिरून जायला रस्ता नाही. कचरागाडीवाला हॉर्न वाजवतोय. वहिनींनी स्टिअरिंग घट्ट धरलं, डोळे मिटले आणि रिव्हर्स टाकला.

गाडी बोललीच नाही.

सबंध गल्ली त्या मागे आल्या, थांबत थांबत, वीस मिनिटं, कचरागाडीवाला देवासारखा वाट बघत. हौद्यातून नुसती घर्र घर्र. घरापाशी आल्या, उतरल्या, पेटी उघडली तर लोणी दगड. माझ्याकडे बघून काय म्हणाल्या माहितेय? हळूच म्हणाल्या, "ताई, मी मागे घेतलं की हे गप्प बसतात आणि पेटी गार करतात. मी रिव्हर्स टाळत होते ना, म्हणून रुसले होते बहुतेक." आणि हसल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा. आता हसणाऱ्या बाईला भिऊ की त्या गाडीला, मला कळेना.

रात्रीच्या जेवणाला मी हे सगळं आमच्या ह्यांना सांगितलं. आमचे हे म्हणजे घरात आहेत की नाहीत ते पंखा चालू आहे का यावरून ओळखायचं. सगळं ऐकलं. ताटातून वर न बघता म्हणाले, "एक गाठ फ्रीज. दोन गाठी आवाज."

मी म्हटलं, "काय?"

"तुझे भावजी वायरी जोडत होते तेव्हा टॉर्च मी धरला होता."

"आणि मी?"

"तू बोलत होतीस."

घास मी परत ताटात ठेवला. म्हणजे बघा तुम्ही. एकच्या उन्हात पेटी गरम झाली की भावजींची ती डबी करंट पाठवते फ्रीजला, तो चाललाय आवाजाला. रिव्हर्स टाकला की करंट जायचा आवाजाला, तो चाललाय फ्रीजला. आणि दुसरी बॅटरी आता चोवीस तास जिवंत, तिला किल्लीची गरज नाही. भूत नाही, भावजी नाही… मी. ते भूत मी होते. बरं, सांगावं तर वहिनींचा एक वाजता येणारा माणूस मी दुसऱ्यांदा नेणार. न सांगावं तर रविवारी चार मजली केकची खीर, सोमवारी दीर. आमच्या ह्यांना म्हटलं, काय करू? म्हणाले, "भात वाढ."

शनिवारी सकाळी गेले. वहिनी साखरेची फुलं करत होत्या, एकेक पाकळी चिमट्यानं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, गाठी, टॉर्च, माझं तोंड. त्यांनी हातातली पाकळी खाली ठेवली. त्यापेक्षा मला एक थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं.

मग म्हणाल्या, "ताई, गेलेला माणूस वायरीतून येत नाही, एवढं मला कळतं. पण चार दिवस तुम्ही बघितलंत ना… आवाज आला की मी जेवायला बसत होते. आठ महिन्यांत वेळेवर जेवले नव्हते."

"चार नाही, तीनच दिवस," मी म्हटलं. का म्हटलं? तेव्हा तरी गप्प बसायचं ना. पण त्या म्हणाल्या, "आजचा धरला मी."

वायरिंगवाल्याला बोलावलं. तो आधी पोट धरून हसला, रिव्हर्स गिअरवर चालणारा फ्रीज जन्मात पाहिला नाही म्हणाला. मग वहिनींचा चेहरा बघितला आणि तोंडातले तांब्याचे केस काढून खिशात ठेवले. म्हणाला, "काकू, हवं तर आवाज दोन्हीकडे जोडून देतो. रिव्हर्सला पण बोलेल, दुपारचा पण बोलेल. करून टाकू?"

मी मनात म्हटलं, हो म्हणा, हो म्हणा. वहिनी गाडीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "नको. जिथली वायर तिथे लावा. त्यांना बोलवायचं तर मी गाडी मागे घेईन."

आणि जाता जाता त्याच्याकडून पाच रंगीत चिकटपट्ट्या मागून घेतल्या, पण गाठी सोडू दिल्या नाहीत. गाठीवर पट्टी.

रविवारी केक पोचला, चारही मजले सरळ, मी सोबत होतेच. हॉलच्या मागच्या फाटकातून उलटं आत जायचं होतं, वहिनींनी गाडी मागे घातली, भावजी "सरका हो ताई" म्हणाले आणि हॉलचा मॅनेजर, सूट घातलेला एवढा मोठा माणूस, मुकाट्यानं सरकला. इंजिन बंद करून दीड तास थांबलो, पेटी घर्र घर्र चालू, आणि निघताना गाडी एका किल्लीत सुरू. सोमवारी दिरांचा फोन आला, वहिनी म्हणाल्या, "गाडी कामावर आहे." ठेवला.

आता दर रविवारचं काम आहे. आणि रोज दुपारी एकला वहिनी गाडी बाहेर काढतात आणि काही कारण नसताना उलटी आत घेतात, मग जेवायला बसतात. रिव्हर्स अजून कच्चाच. दोनदा माझी कुंडी फोडली. म्हणून काच खाली करून मला ओरडून सांगतात, "ताई, मागेच उभ्या राहा, हलू नका, भिंत किती राहिली ते सांगा." आणि त्याच वेळी मागून भावजी, "सरका हो ताई, सरका." जिवंत बाई म्हणते हलू नका, गेलेला माणूस म्हणतो सरका, आणि आमचे हे खिडकीतून म्हणतात, "आत ये." कुणाचं ऐकू मी? शेवटी ठरवलं, तिघांचंही थोडं थोडं ऐकायचं… सरकते, पण बघत बघत.