आन आपल्या घरी?

शटर कावून बंद हाय म्हणता? बाजाराचा दिवस असून? – उगंच, सर. तुमी बसा, जीप यायला येळ हाय. विठ्ठलरावांनी डायवरला जेवाया बसवलं आसल – मंडळाचे अध्यक्ष हायेत, पण पाहुण्याच्या आधी डायवर जेवतो त्यांच्याकडं. बसा, ओटा झाडलेला हाय. दुकान आमचंच. पाटी दिसंना, तुमच्या सभेचं कापड तिच्यावरच बांधलंय – 'विधवांचे प्रश्न आणि आपण'. त्याच्याखाली पाटी हाय, संगमेश्वर किराणा. दादाचं नाव. मी त्याचा धाकटा भाऊ, विरुपाक्ष. दादा पोळ्याच्या टायमाला गेला, केजहून माल आणताना टेम्पो उलटला. व्हय, त्योच. भाषणाच्या आधी समद्याला दोन मिनिटं हुबं केलं ना, त्याच्यासाठीच. मी बी हुबा ऱ्हायलो. काय वाटलं न्हाई बघा. आता कशाचंच काय वाटत न्हाई.

भाषण बरं झालं. पण शेवटी तुमी इचारलं, कुणाला काय प्रश्न? – आन समदे सतरंजीकडं बघाया लागले, ते तुमाला लागलं दिसतंय. मनाला घेऊ नका. आधीच घरोघर डिश टीव्ही आल्यापासून माणसं कमी येतेत, आन हितं प्रश्न इचारायचं काम दादाचं व्हतं. कोण बी येऊ द्या, कशावर बी बोलू द्या, दादाचा प्रश्न एकच. हुंड्यावर एक वकील बोलले मागं – लई टाळ्या. मागून दादाचा दोस्त धुळाजी म्हणला, संगम्या, ऊठ बे, पाहुणा सुटाया लागलाय. दादा उठला. हात जोडून म्हणला, समदं पटलं वकीलसाहेब. आन तुमच्या घरी? – वकील आधी पाणी पिले. मग म्हणले, थोरल्याला स्कूटर आली, पण ती सासऱ्यानं खुशीनं दिली. धुळाजी म्हणला, आमच्या गावात बी समदे खुशीनंच देतेत साहेब, रडतेत ते नंतर. तवापासून विठ्ठलराव पाहुण्याला आधीच सांगायचे, एक येडा हाय, उठल, हसून सोडून द्या.

एका मास्तरांनी मातर हसून सोडलं न्हाई. बाईमाणसाच्या हक्कावर बोलले व्हते. दादानं इचारलं, तर खाली बघून म्हणले – माझ्या घरी बायको मागूनच जेवती, कधी सोबत बसली न्हाई. दादाला असा आनंद झाला, ओढत आणलं त्यांना जेवायला. वहिनी वाढत व्हती. गंगासागर, आमची वहिनी. मास्तरांना भाकर वाढली, दादाला वाढली, आन चुलीकडं वळून हळूच म्हणली – आन आपल्या घरी? दादानं घास ताटात ठिवला. मग त्यो सरकला, म्हणला, ये, बस. त्या दिवसापासून दोघं एका टायमाला जेवायचे. मग दुपारचं ती गल्ल्यावर बी बसाया लागली. पयलं लोक पुटपुटले, मग तिच्याच हातचं तोललेलं मागाया लागले.

आता? आता घरात असती. दुकानाच्या मागंच घर, दार दिसतंय ना, तेच. कपाळाला कुंकू न्हाई, नुसती इभूत. तिचं म्हणणं, दुकान उघडते. तर आईचं म्हणणं – आमच्यात बोहनीच्या टायमाला मोकळ्या कपाळाची बाई गल्ल्यावर दिसली तर गिऱ्हाईक माघारी जातं. जुनं माणूस हाय, काय बोलणार. – काय? तुमी सांगता आईला? न्हाई, तुमी नका सांगू. आई काय – आई तर परवाच म्हणली, बसू दे बाबा तिला, घरात बसून पोर वाळली.

चावी माझ्याकडं हाय.

त्याचं असं हाय सर – गल्ल्याच्या गादीला दादाचा खळगा पडलाय. इतकी वर्सं एकाच जागी बसून. त्यो गेला त्या दिवशी मी शटर ओढलं, तवा खळगा तसाच व्हता. तसाच आसल आजून. ती बसली की मोडल. मी बी बसलो न्हाई त्याच्यावर. खुळेपणा वाटल तुमाला – मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस, मला ह्याच्याहून बरं सांगता येत न्हाई.

मगा तुमाला ठसका लागला ना, ऐन भाषणात – विठ्ठलरावांनी मला पाण्याला धाडलं. भोंगा लिंबाला बांधलेला, त्वांड आमच्या घराकडं. तुमचं समदं आत ऐकू जात व्हतं – तिला कोंडू नका, तिला कामावर येऊ द्या. वहिनी दाराच्या आत हुबी. तिनं तांब्या भरून हातात दिला. सोडला न्हाई लगेच. म्हणली – भाऊजी, आन आपल्या घरी?

मी तांब्या घेतला आन आलो. तेच पाणी तुमी पिलात.

न्हाई सर, काय सांगू नका. तुमचं बोलून झालंय. ती बघा, आली जीप. डायवर जेवलेला दिसतोय. जावा तुमी, अंधार पडायच्या आत केज गाठा. – तांब्या तुमी नका नेऊन देऊ, ठिवा तिथंच. त्यो मलाच न्यावा लागल घरी.